ढगाचा तळ कुठून मोजायचा

प्रिय ढब्बू,

चाळिशी उलटलेल्या माणसाला ढब्बू म्हणू नये, एवढं मलाही कळतं. पण दुसऱ्या कुठल्या नावाने तुला लिहायला बसले तर पेन पुढे सरकत नाही. तुझे दोन्ही हात बँडेजमध्ये आहेत, म्हणजे हे पत्र आईच तुला वाचून दाखवणार. आई, आधी चष्मा लाव. आणि पेपर वाचतेस तसं वाचू नकोस, वरचं वाचलं आणि खालचं सोडून दिलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

हॉस्पिटलात मी दोन-तीनदा येऊन गेले, हे तुला कोणी सांगितलं नसेल. आई दारातच उभी राहायची, तो झोपलाय म्हणायची आणि माझ्या हातातली फळांची पिशवी घ्यायची. शेवटच्या वेळी दार जरा उघडं राहिलं होतं आणि तू जागा होतास. पायाला वजन टांगलेलं, दोन्ही हात दोन उशांवर ठेवलेले, तोंड खिडकीकडे. हाक मारावी असं फार वाटलं, पण मारली नाही. खाली येऊन औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसले. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, कोण आहे तुमचं? म्हटलं, धाकटा भाऊ. भेट झाली का, म्हणाली. झाली, असं सांगून टाकलं, उगाच तिला कशाला आमची रामकहाणी. फोन करावा तर तुझा फोन आईच्या पर्समध्ये, आणि माझं नाव दिसलं की ती तो पालथा ठेवते. मग राहिलं काय, पत्रच.

इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. तुझे भाऊजी सकाळी चहा करून कप माझ्यापुढे ठेवतात आणि काही विचारत नाहीत, त्यावरून घरातली हवा ओळख. खालच्या मजल्यावरचे पेन्शनर अजून मला जिन्यात गाठतात, काय हो, आज छत्री घेऊ का नको? घ्या म्हटलं तर घरी ठेवतात, नको म्हटलं तर घेऊन जातात. संध्याकाळी भिजून आले तरी हसत सांगतात, तुमच्या हवामानखात्याच्या नादी लागलं की असंच व्हायचं. नोकरीला लागल्यापासून हे ऐकतेय. तू तरी कुठे कमी होतास. विमान उडवायला शिकलास त्या वर्षी जेवताना म्हणाला होतास, ताईने ऊन सांगितलं की मी रेनकोट घेऊन निघतो. बाबासुद्धा हसले होते, ते कधी हसायचे नाहीत तरी. मीही पोट धरून हसले. त्या विनोदाचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. आता वाटतं, आणि का ते पुढे सांगते.

अपघाताबद्दलचा तुझा जबाब मी वाचला. चौकशी अधिकाऱ्यांनी त्याची प्रत आमच्या कचेरीत पाठवली, कारण त्यात बोट माझ्याकडे आहे. मोठे साहेब म्हणाले, केबिनमध्ये बसून वाच, बाहेर नको. तू सांगितलं आहेस की विभागीय अंदाजात दुपारनंतर ढगाचा तळ चार हजार फूट दिला होता, आणि डोंगरातल्या धावपट्टीवरून पेशंटला घेऊन उडालास तेव्हा तो डोक्यावर जेमतेम बाराशे फुटांवर होता. तुला वाटलं, हा एखादा खाली उतरलेला तुकडा असेल, खिंडीपलीकडे कागदावर दिलंय तसं मोकळं मिळेल. खिंडीत शिरलास आणि समोर काही दिसेना, वळायला जागा उरली नव्हती. आणि मग शेवटी चार शब्द, हवामानाचा अंदाज चुकीचा होता. तो पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक, ज्याला तू हृदयाच्या ऑपरेशनसाठी आणत होतास, आणि त्याच्यासोबतच्या नर्सबाई, दोघंही गेले, आणि माझ्या पाठच्या भावाने लिहून दिलं की ते माझ्या कागदामुळे गेले.

राग आला का? आला. तुला वाटेल त्याच्या दुप्पट आला. पण पान उलटलं तर तिथे लिहिलं होतं की विमान पेटल्यावर तू नर्सबाईंचा पट्टा सोडवत होतास आणि तो सुटत नव्हता, आणि रस्त्यावरच्या मजुरांनी तुला ओढून काढलं तेव्हाही तू त्या पट्ट्याचं बक्कल सोडत नव्हतास. ते वाचल्यावर मला राग धरून ठेवता येईना. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर मी म्हटलं, नको, मला घरी जायचंय. आणि घरी न जाता तिथेच बसून राहिले.

मेकॅनिकची बायको कचेरीत येऊन गेली. आमच्या कचेरीत कोणी बाहेरचं येत नाही, त्यामुळे शिपायाला वाटलं चुकून आली असेल. ती काउंटरपाशी उभी राहून म्हणाली, त्या दिवशीची हवा सांगणाऱ्या बाई तुम्हीच ना? मी हो म्हटलं. ढग येणार हे तुम्हाला माहीत होतं का? म्हटलं, होतं. मग सांगितलं का नाही? म्हटलं, सांगितलं होतं. ती भांडेल असं वाटलं होतं, पण भांडली नाही. मग तिने विचारलं की त्यांची नटबोल्टच्या पान्यांची पिशवी विमानात होती, ती कुठे मिळेल. ऑपरेशनला जातानासुद्धा नेली होती म्हणे, शहरात पाने चांगले मिळतात, नमुना दाखवून नवे घ्यायचे होते. मी तिला चौकशी कचेरीचा पत्ता लिहून दिला. तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन नकाशावर काम करायचा प्रयत्न केला, पण त्या दिवशी दुसऱ्या कोणाला बसवावं लागलं.

आता आईचा भाग. आई, गाळू नकोस. जबाब आला त्याच आठवड्यात आई माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात स्टुलावर बसली, चहा नको म्हणाली. मी तिला सगळं समजावून सांगितलं होतं, कागद पुढे ठेवून, बोटाने दाखवून. तिला कळलं नाही असं नाही. आईला हिशेबातलं सगळं लगेच कळतं. ती म्हणाली, तुझं काय होईल? फार तर बदली होईल, नाहीतर घरी बसशील, नवरा कमावता आहे. त्याला जर कळलं की ते दोघं त्याच्या हातून गेले, तर तो जगायचा नाही. तू मोठी आहेस, घे अंगावर. आणि मग म्हणाली, पहिल्यांदा थोडंच घेते आहेस.

म्हणजे ढब्बू, तुला आता कळलंच असेल मी काय सांगणार आहे. कळलं असेल तर आईला जरा थांबायला सांग, पाणी पी, आणि मग ऐक. मला हे तुझ्या शेजारी बसून सांगायचं होतं.

बाबांची ती पारदर्शक नळी आठवते का, आत पाणी भरलेली? ओळंबा आणि थापी त्यांच्याकडे, आणि नळीचं एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. पाणी डुलायचं थांबलं की दोघांनी भिंतीवर खूण करायची आणि मग दोरीने रेघ मारायची. पुढे सगळं घर त्या रेघेपासून मोजायचं, खिडक्या, कप्पे, चौकटी, सगळं. जमिनीपासून नाही. कारण बांधकामावर जमिनीचा काय भरवसा, कुठे भराव राहिलाय, कुठे वाळूचा ढीग. बाबांचं पालुपद एकच, आकडा नंतर सांग, आधी सांग कुठून मोजलास. त्या दोन खोल्यांच्या घराच्या वेळी तू खिडकीची उंची जमिनीपासून मोजलीस, भराव पडायचा होता तिथेच, आणि खिडकी बसली गुडघ्याएवढ्या उंचीवर. बाबांना अख्खी भिंत उतरवावी लागली. कोणी मोजलं, म्हणून ओरडले. मी पुढे झाले. कानाखाली अशी बसली की दोन दिवस शिट्टी वाजत होती. दुसऱ्या दिवशी तुझी सगळ्यात लाडकी गोटी माझ्या दप्तरात निघाली. आई म्हणते ते हेच.

विभागीय अंदाज म्हणजे काय, हे तुला मी सांगावं याचं मला हसू येतं आणि रडूही येतं. एवढ्या मोठ्या मुलखासाठी आम्ही एक कागद काढतो. त्यात किनारा आला, मैदान आलं, डोंगर आले. कुठली जमीन धरायची? म्हणून ढगाची उंची समुद्रसपाटीपासून देतात, बाबांच्या रेघेसारखी, सगळ्यांना एकच रेघ. मोठ्या विमानतळाचा अंदाज वेगळा निघतो आणि त्यात उंची त्या विमानतळाच्या जमिनीपासून असते. पण डोंगरातल्या त्या पट्टीसाठी वेगळा अंदाज कोणी काढत नाही. तिथे जाणाऱ्याला आमचाच कागद घ्यावा लागतो आणि त्यातून जमीन वजा करावी लागते. पट्टीच मुळात अठ्ठावीसशे फुटांवर आहे. चार हजारातून वजा कर. बाराशे उरतात. तुझ्या जबाबात आहेत तेच बाराशे, ढब्बू. आणि खिंड छत्तीसशेवर. तिथे ढग आणि दगड यांच्यामध्ये चारशे फूट होते, आणि तिथेही भुरभूर सुरू झालेली. तो तुकडाबिकडा नव्हता. ढग त्या दिवशी जिथे असायला हवा होता तिथेच होता.

तू चार हजार वाचलेस आणि तुला वाटलं, डोक्यावर चार हजार.

हे तुला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत तू हे लिहिलं असशील, पाठ असेल. पण विमान उडवायला तू शिकलास किनाऱ्यावर. तिथल्या शाळेत शिकलास, मग तिथेच शिकवत राहिलास. धावपट्टीच्या टोकाला लाटा दिसतात तिथे. तिथे चार हजार म्हणजे चार हजारच, कुठूनही मोज. रोज चुकीचं मोजलं तरी उत्तर बरोबर यायचं. इकडे डोंगरात आलास तेव्हा आभाळ कोरडं होतं, महिनोन्महिने ढगाचा प्रश्नच आला नाही. कागदाच्या डोक्यावर छापलेलं असतं की उंची समुद्रसपाटीपासून, पण ते गोळ्यांच्या पाकिटावरच्या मजकुरासारखं, कोण वाचतं. त्या दिवशी मी खाली लिहिलं होतं, डोंगरमाथे ढगात. तू म्हटलं असशील, असतील मोठे डोंगर, आपल्याला खिंडीतून तर जायचंय.

सकाळी तू काउंटरवरून कागद उचललास तेव्हा मी काचेच्या आत दुपारचा नकाशा करत होते. तू काचेवर टकटक केलीस, कागद हलवून दाखवलास, आणि छत्री उघडल्याची खूण केलीस, नेहमीची. मी जीभ काढून दाखवली, नेहमीसारखी. हे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त छळतं ते हे, की त्या दिवशी आपण दोघंही मजेत होतो.

मी ते अंगावर घेणार होते. आई, हे नीट वाच, कारण तुला वाटतं मी दगड आहे. साहेब स्वतःहूनच म्हणाले होते, स्पष्टीकरणात एवढंच लिहा की त्या भागात स्थानिक कारणांनी ढग अंदाजापेक्षा खाली आला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. घरचं माणूस आहे, प्रकरण मिटेल, तुम्हाला एखादी समज मिळेल, बस. मी लिहिलं. सही केली, तारीख घातली. विमान उडवणाऱ्याचं नाव खराब होण्यापेक्षा हवामानवाल्या बाईचं झालं तर जगाला नवीन काय? आमच्या खात्याचं नाव खराबच आहे, जिन्यातले पेन्शनरसुद्धा सांगतील. मी तो कागद हातात घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघाले होते, आणि काउंटरवर चिमणी उभी होती.

तीच तुझी चिमणी, जिला खुर्चीवर उशी घेतल्याशिवाय विमानाच्या काचेतून समोरचं दिसत नाही. किनाऱ्यावर तुझ्या हाताखाली शिकली आणि आता तुझ्या जागी त्या पट्टीवर जाते. औषधांची खोकी पोचवायची होती. माझ्याकडे बघेना बिचारी. तुझी चौकशी केली, डोळे पुसले आणि कागद उचलला. त्या दिवशी तळ पाच हजार दिला होता. मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, खिंडीत किती मिळेल गं तुला? ती पटकन म्हणाली, पाच हजार, भरपूर आहे ताई. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाली, सरांचा नियम आहे, कागदावर पाच हजार म्हणजे डोक्यावर पाच हजार, त्यातले हजार सोडून द्यायचे हवामानखात्याच्या नावाने, बाकीचे आपले.

हजार सोडून द्यायचे हवामानखात्याच्या नावाने. हा तुझाच विनोद, मी आवाजासकट ओळखला.

मी हातातला कागद उलटा केला आणि त्याच्या पाठीवर चित्र काढलं, खाली समुद्र, मग पट्टी, मग खिंड, वर ढग. आकडे घातले. तिने ते बघितलं आणि खाली बसली, खुर्ची नव्हती तिथे, जमिनीवरच. मग सांगायला लागली. मागच्या आठवड्यात खिंडीतून येताना ढग पंखाला लागत होता. घाबरून अगदी जमिनीलगत आली, कशीबशी उतरली. कोणाला बोलली नाही. मी विचारलं, का नाही बोललीस? तर म्हणाली, मला वाटलं अंदाज चुकला, ताई. तो चुकतोच ना नेहमी. ढब्बू, मला कोणी लाथ मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तिला, तुला, कोणालाच एकदाही वाटलं नाही की आपलं वाचणं तपासून बघावं, कारण चूक कोणाची हे आधीच ठरलेलं होतं. आणि मी त्या ठरलेल्या गोष्टीवर सही करून निघाले होते. चित्र काढलं होतं ते त्याच स्पष्टीकरणाच्या पाठीवर, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तो कागद मी चिमणीला देऊन टाकला. ती त्या दिवशी उडाली नाही, खोकी रस्त्याने गेली.

साहेबांना मी नवं स्पष्टीकरण दिलं आहे. त्यात तुझ्याबद्दल एक वाईट शब्द नाही, फक्त आकडे आहेत, आणि ते कुठून मोजायचे ते. सोमवारी ते चौकशी अधिकाऱ्यांकडे जाईल. त्याआधी तू स्वतः जबाब बदललास तर मला फार बरं वाटेल, पण त्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. तुला शिक्षा व्हावी म्हणूनही नाही. मोठी बहीण म्हणून मी तुझ्यासाठी मार खाल्ला तेव्हा फक्त एक भिंत पडली होती, आणि बाबांनी ती परत बांधली. या वेळी माझ्या अंगावर घेण्यासारखं काही उरलेलं नाही. दोघं गेले ते गेले.

चिमणीला विचारलं, तुझ्यासारखे आणखी किती? ती बोटं मोजायला लागली आणि मध्येच थांबली. किनाऱ्यावर तुझ्याकडे शिकून बाहेर पडलेले कितीतरी आहेत, ती फक्त तिच्या बरोबरच्यांना ओळखते. कोणी पेशंट नेतं, कोणी टपाल, कोणी शेतावर फवारणी करतं. त्यातले काही आता डोंगरात आहेत. मी शाळेत फोन केला, त्यांनी फळ्यावर सूचना लावली म्हणाले, पण गेलेली मुलं फळा बघायला थोडीच येतात. चिमणीने दोघांना स्वतः सांगितलं. एक म्हणाला, हवामानवाले कातडी वाचवताहेत, सरांना बळीचा बकरा करताहेत. दुसऱ्याने फोन ठेवला. ती मला म्हणाली, ताई, तुम्ही सांगून कोणी ऐकणार नाही. सरांनी सांगितलं तर ऐकतील. आणि सोमवारपासून डोंगरपट्टीत ढग बरेच खाली येणार आहेत, आठवडाभर तरी राहतील. हा अंदाज माझा आहे, आणि या एका वेळी तो चुकावा असं मलाच वाटतंय.

आई, मला माहीत आहे, तू हे त्याला वाचून दाखवत नाहीयेस. तू बाहेर बाकावर बसून आधी एकटीच वाचते आहेस, आणि पत्राची घडी करून पर्समध्ये टाकायची असं तुझं केव्हाच ठरलंय. म्हणून पाकिटावर नाव त्याचं असलं तरी पत्र तुलाच लिहिलंय. त्याला कळलं तर तो जगायचा नाही म्हणतेस. जगेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही, मला स्वतःला फार भीती वाटते. पण त्याच्या फोनमध्ये ‘पोरं’ नावाचा एक गट आहे, त्याने शिकवलेल्या सगळ्यांचा, आणि तो फोन तुझ्या पर्समध्ये आहे. त्या पोरांनाही आया आहेत. नर्सबाईंची आई अजून आहे, तिला जाऊन भेट म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. तेव्हा आत जा, त्याच्या शेजारी बस आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. तो रडला तर रडू दे. मग एकेकाला फोन लाव आणि त्याला बोलू दे. त्याचे हात बँडेजमध्ये आहेत, म्हणून फोन तू त्याच्या कानाला धर, शेवटचा नंबर होईपर्यंत. हात अवघडेल तुझा, तरी खाली घेऊ नकोस.

तुझीच, आणि तुझ्याही बाजूची,
ताई